शिशाविना कवच : धातूचे नॅनोकण आणि पॉलिमर

क्ष-किरण विभागात ज्याला सरसकट 'शिशाचा एप्रन' म्हणतात, त्याच्या आत शिशाचा पत्रा नसतो. रबर किंवा व्हिनाइलमध्ये शिशाची पूड मळून लाटलेली ती चादर असते. म्हणजे पॉलिमर आणि धातू यांचे संमिश्र ही प्रयोगशाळेतली नवलाई नव्हे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर इथल्या दवाखान्यांत ते कधीपासून वापरात आहे. पॉलिमरने आकार व लवचीकपणा द्यायचा आणि धातूच्या भरावाने किरण अडवायचे, अशी त्यातली कामाची वाटणी. सध्याच्या संशोधनात या वाटणीतला भराव बदलतो आहे. शिशाच्या जागी बिस्मथ, टंगस्टन, कथिल किंवा त्यांची ऑक्साइडे येत आहेत, आणि पुडीचा कण १०० नॅनोमीटरच्या खाली नेला जात आहे.

शिसे नकोसे होण्याचे पहिले कारण विषारीपणा. एप्रन जुना होऊन तडकला की तो साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. दुसरे कारण वजन. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. अर्धा मिलिमीटर शिशाइतके कवच हवे असेल, तर एका चौरस मीटरमागे नुसते शिसेच ५.६७ किलो भरते. रबराचे वजन वेगळे. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली हाड जुळवणाऱ्या शल्यविशारदाला एवढे ओझे अंगावर घेऊन तासन्‌तास उभे राहावे लागते.

तरीही शिसे टिकून आहे, कारण निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेला ते उत्तम अडवते. ६० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला एक ग्रॅम शिसे एक ग्रॅम पॉलिथिलीनच्या सुमारे २५ पट किरण अडवते. जड अणूंतले आतले, घट्ट बांधलेले इलेक्ट्रॉन किरणांची ऊर्जा पूर्ण गिळतात, त्याचा हा परिणाम. पण ऊर्जा १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर गेली की हा फरक जवळजवळ मिटतो. ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिले तर पॉलिथिलीन शिशाच्या बरोबरीला येते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपुढे कोणताही एप्रन निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. तिथे जाड काँक्रीटसारखा अडसर लागतो.

शिशाची एक दुखरी बाजूही आहे. प्रत्येक मूलद्रव्याची सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांची एक शोषण-कडा असते. त्या ऊर्जेला शोषण एकदम उसळते आणि पुढे उतरत जाते. शिशाची कडा ८८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला आहे, तर नेहमीच्या क्ष-किरण तपासणीतले बहुतांश किरण ३० ते ८० च्या पट्ट्यात असतात. कथिलाची कडा २९.२ ला आणि टंगस्टनची ६९.५ ला येते. त्यामुळे ३० ते ८० च्या पट्ट्यात कथिल ग्रॅममागे शिशापेक्षा सरस ठरते, आणि ७० ते ८८ मध्ये टंगस्टन तर फारच पुढे जाते. दोन-तीन धातू मिसळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिसेविरहित एप्रन हलका होतो तो मुख्यतः या मिश्रणामुळे, नॅनोकणांमुळे नव्हे. चांदीची कडाही २५.५ ला आहे. पण चांदी एप्रनमध्ये घालणे परवडणारे नाही. तेच काम कथिल स्वस्तात करते. मात्र कथिल स्वतः सुमारे २५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे दुय्यम किरण सोडते, म्हणून अंगाच्या बाजूला जड धातूचा थर ठेवणे शहाणपणाचे.

मग नॅनोकण नेमके काय देतात? ६० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण बिस्मथमध्ये सरासरी सुमारे २०० मायक्रोमीटर आत शिरतो. त्यापुढे पाच मायक्रोमीटरचा कण आधीच बारीक आहे. तो आणखी शंभरपट बारीक केला तरी शोषणात फारसा फरक पडत नाही. २० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे मॅमोग्राफीच्या ऊर्जेला, हेच अंतर ११ मायक्रोमीटरवर येते. तिथे कणांमधल्या रिकाम्या जागेतून किरण निसटतात आणि बारीक कणांचा फायदा मोजता येतो. नॅनो म्हटले की कवच आपोआप दुप्पट मजबूत झाले, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

बारीक कणाचा दुसरा फायदा कारखान्यात दिसतो. इपॉक्सीसारख्या द्रव पॉलिमरमध्ये मायक्रोमीटर आकाराचे जड कण तळाला बसतात आणि चादरीचा वरचा भाग दुबळा राहतो. कण बसण्याचा वेग आकाराच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने नॅनोकण बराच काळ तरंगत राहतात. पण त्यांचा पृष्ठभाग अवाढव्य असल्यामुळे ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि गुठळी झाली की नॅनोकण पुन्हा मोठ्या कणासारखाच वागतो. गुठळ्या फोडण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरतात आणि कणांवर सिलेन या रसायनाचा लेप देतात. धातूची नॅनोपूड हवेत लवकर ऑक्सिडीभूत होते. त्यापेक्षा ऑक्साइडच घेणे सोयीचे. बिस्मथ ऑक्साइडात वजनाने जवळजवळ ९० टक्के बिस्मथच असते.

किती भराव घालायचा, हा खरा पेच. रबरात वजनाने ६० टक्के बिस्मथ घातले तरी आकारमानाने ते जेमतेम १४ टक्के भरते. अर्धा मिलिमीटर बिस्मथाइतके कवच मिळायला अशी चादर साडेतीन मिलिमीटर जाड लागते आणि तिचे वजन चौरस मीटरला आठ किलोंच्या वर जाते. भराव ८० टक्क्यांवर नेला की जाडी १.६ मिलिमीटर आणि वजन सहा किलोंवर येते. पण आता रबर कडक होते, घडीवर चिरते, आणि नॅनोपुडीने मिश्रण इतके घट्ट होते की मळणेच अवघड.

शोषण मोजण्याची परंपरा बुलढाण्याच्या शेजारीच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील पी. पी. पवार आणि जी. के. बिचिले यांनी अमिनो आम्लांची गॅमा-शोषणे ०.१२२ ते १.३३० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टच्या टप्प्यात मोजून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. नव्या चादरीची परीक्षाही त्याच तत्त्वाने होते : आधी नुसता किरण मोजायचा, मग मध्ये नमुना ठेवून.

किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारे परमाणु ऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, कार्यालय मुंबईला. बुलढाणा जिल्ह्यातील दवाखान्यांनी शिसेविरहित एप्रन घेताना 'शिसे-समतुल्यता' (कवच किती मिलिमीटर शिशाइतके, ते) किती, एवढेच विचारून थांबू नये. ती क्ष-किरण नळीच्या किती किलोव्होल्टला मोजली आहे, हे प्रमाणपत्रात पाहावे. कथिल-टंगस्टनचा एप्रन ८० किलोव्होल्टला अर्धा मिलिमीटर भरला, तरी १२० ला तेवढाच भरेल असे नाही. आणि एप्रन कोणताही असो, तो घडी न घालता टांगावा आणि वर्षातून एकदा क्ष-किरणाखाली धरून तडे तपासावेत.