बांधाची मजुरी दोनदा मिळते



१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या माणसांनी खडी फोडून पोट भरले. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणे हा हक्क ठरला, बाईला नि गड्याला एकच दर मिळाला.

काहीजण म्हणतात, हमीच्या कामामुळे शेतात मजूर मिळत नाही. आम्ही विचारतो, चैत्र-वैशाखात कोरडवाहू रानात काम असते कुठे? आणि हमीच्या कामावर जातो कोण? पाच एकर कापूस-ज्वारीचा धनीच की!

खडी फोडली की मजुरी संपली. बांधाचे तसे नाही. आपला भरवसा भाद्रपद-आश्विनातल्या पावसावर. समतल बांध असला की ते पाणी मुरते, माती ओढ्याला जात नाही. त्या ओलीवर शाळू पोसतो, कडबा होतो. पीक आले की वेचणीला, काढणीला माणसे लागतात. एक मजुरी हजेरीपटावर, दुसरी शिवारात.

पण भूमिहीनाचे काय? बांध आपल्या रानात, घाम त्याचा. गायरानातले गवत, पाझर तलावातली मासळी यांत त्याचा वाटा आधी ठरवा. नाहीतर त्याने आपल्या बांधासाठी का राबावे?

म्हणून उन्हाळ्याआधी ग्रामसभेत बांध, नाला, तलावातला गाळ यांची यादी करा. फुटलेले जुने बांध त्यात आधी घ्या. कामाची मागणी लेखी द्या, पोच घ्या. पंधरवड्याला मजुरी हातात पडली नाही, तर सगळे मिळून तहसीलवर चला. शेतकरी पुढे, मजूर मागे असे नको. बरोबरीने.