पाणी हटते तेव्हा
(लासुर्णे, ता. इंदापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत बोलणे होते ते कापसाच्या भावाचे, ज्वारीच्या भावाचे, कर्जाचे आणि विजेचे. आज विषय थोडा निराळा आहे. शाळूची काढणी झाली, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या, की कोरडवाहू माणसाच्या हाताला काम उरत नाही. नेमके तेच दिवस शहरातल्या माणसाच्या सहलीचे. पुण्या-मुंबईच्या मोटारी सोलापूर रस्त्याने भिगवणला येतात, आत वळून कुंभारगावच्या काठाला थांबतात आणि माणसे होडीत बसून उजनीच्या पाण्यावरचे पक्षी बघतात. आपला रिकामा हंगाम तो त्यांचा मौजेचा हंगाम.

यात त्यांच्यावर रागावण्यासारखे काही नाही. पण ज्या पाण्याच्या काठावर ही मौज चालते, तेच पाणी हटले की आपल्या घरात दुष्काळ शिरतो. तेव्हा हा हिशेब आपणच नीट मांडून पाहिला पाहिजे.

धरण वजा जाते म्हणजे काय?

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. पोटात एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी आणि मृतसाठा साडेत्रेसष्ट टीएमसीच्या वर. म्हणजे या धरणात मेलेले पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त आहे! उपयुक्त पाणी संपले की आकडा शून्यावर येतो आणि त्याखाली वजा सुरू होतो. वर्तमानपत्रात 'उजनी वजा 40 टक्के' असे छापून येते, तेव्हा धरण कोरडे पडले असे कोणी समजू नये. मृतसाठ्यातून उपयुक्त साठ्याच्या 40 टक्के इतके पाणी गेले, असा त्याचा अर्थ.

2023 च्या पावसाळ्यात हे धरण 60 टक्क्यांच्या आसपासच भरले. 31 ऑक्टोबर 2023 रोजी सरकारने राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात आपले इंदापूर, बारामती आणि दौंड होते, पलीकडचे करमाळा आणि माढाही होते. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला उजनी वजा 59 टक्क्यांच्याही खाली उतरले. हिशेब करा. मृतसाठ्यातलेच 32 टीएमसीच्या आसपास पाणी गेलेले होते. धरणात राहिले ते निम्मे मेलेले पाणी.

पाणी इतके उतरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. शहरातली माणसे ते बघायला येतात, फोटो काढतात. ज्यांची घरे आणि काळी जमीन त्या पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांतले म्हातारे मात्र देवळाबरोबर आपली आळीही शोधत असतात. एकाच जागी दोघे उभे असतात, पण दोघांना दिसते ते वेगवेगळे.

पक्षी कॅलेंडर बघून येत नाहीत

रोहित पक्षी, ज्याला सगळे फ्लेमिंगो म्हणतात, तो खोल पाण्यात चरत नाही. लांब पायांवर उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. म्हणून धरण तुडुंब असले की तो काठावर दिसत नाही. पाणी उतरले, चिखलाची पट्टी उघडी पडली, की त्याचे ताट वाढले. ज्या वर्षी पाणी उशिरा उतरते, त्या वर्षी तो उशिरा येतो. हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब हंसही थंडीत याच काठाला उतरतात आणि उन्हाळा लागण्याआधी परत जातात.

म्हणजे पक्षी बघण्याचा हंगाम ठरवते ती पाण्याची पातळी. आपल्या मोटारीचा हंगामही तीच ठरवते. फुगवट्याच्या काठावरच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाणी हटले की मोटार पुढे न्यायची, पाईप वाढवायचे, केबल वाढवायची. महिन्याने पुन्हा तेच. पीक उभे असते म्हणून थांबता येत नाही, आणि पाईप घ्यायला पैसे उसने काढावे लागतात. पीक हाती येईपर्यंत त्याच्या नफ्यातला मोठा भाग चिखलात पसरलेला असतो.

असे जगात इतरत्रही घडते. अमेरिकेतला लेक मीड हा धरणाचा प्रचंड तलाव 2022 च्या उन्हाळ्यात, 1930 च्या दशकात तो भरत होता तेव्हापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला. होड्या पाण्यात सोडायचे उतार कोरडे पडले. काही बंद करावे लागले, काही पाण्यामागे लांबवावे लागले. फरक इतकाच, की तिथे उतार लांबवण्याचा खर्च सरकारी खात्याने केला. इथे पाईप लांबवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

जे काठापासून दूर आहेत, त्यांना तर पाईपही लांबवता येत नाही. या बाजूला नीरा डावा कालवा आहे, तो इंग्रजांच्या काळातला. कालव्याच्या शेपटाला आवर्तन पोहोचले तर पोहोचले. 2021 मध्ये उजनीतले 5 टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांकडे आणण्याच्या आदेशावरून सोलापूर विरुद्ध इंदापूर असा वाद पेटला आणि आदेश मागे घ्यावा लागला. कोरडवाहू शेतकऱ्याला कोरडवाहू शेतकऱ्याशी भांडायला लावणे फार सोपे असते. वरून पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून याच धरणात येते, आणि पाणी कमी झाले की तीच घाण दाट होते, हे त्या भांडणात कोणी बोलत नाही.

वळवाचा वारा

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. चैत्र-वैशाखात सकाळी आभाळ निरभ्र असते, पाणी आरशासारखे असते. दुपारपर्यंत जमीन तापते. समुद्रावरून आलेली ओल त्या तापलेल्या हवेबरोबर वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी काळा ढग उभा राहतो. ढगातून पाऊस सुटला की त्याच्याबरोबर गार हवा जोराने खाली आदळते आणि जमिनीवर पसरते. म्हणून वळवात वारा आधी येतो, पाऊस मागून. रानात आपण धुळीचा लोट बघतो आणि झाडाखालून बाजूला होतो. पाण्यावर धूळ नसते. अडवायला झाड नसते, बांध नसतो. मैलभर मोकळ्या पाण्यावरून वारा आला, की दहा मिनिटांत होडी उलटेल अशा लाटा उठतात.

21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी होडी अशाच वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. ती माणसे सहलीला निघालेली नव्हती. पलीकडे जायला जवळचा रस्ता नाही, म्हणून ती होडीत बसली होती. मौजेची होडी आणि गरजेची होडी, दोन्हींना वारा एकच असतो.

हाच वळीव रानात गारा घेऊन येतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, तेव्हा उभा शाळू आडवा झाला आणि कडबा काळा पडला. त्या दिवसांत ढगाकडे बघायची सवय आपल्याला आहे. तीच नजर काठावरही लागते.

पाहुण्याच्या पैशाचा हिशेब

कुंभारगावच्या मच्छिमार कुटुंबांनी कोणाच्या योजनेची वाट बघितली नाही. होडी होती, पाण्याची माहिती होती, पक्षी कुठे बसतो ते ठाऊक होते. त्यांनी पाहुण्याला फिरवले, घरात उतरवले आणि चिलापीचे कालवण खाऊ घातले. बारामतीजवळ पळशीवाडीला 2005 पासून कृषी पर्यटनाचे काम उभे राहिले. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण आले ते 2020 मध्ये. लोक आधी, धोरण मागून, हाच नेहमीचा क्रम.

पण पाहुणा काठावर जेवतो ती भाकरी कोणाच्या ज्वारीची? हुरडा कोणाच्या रानातला? पौष-माघात हुरडा असतो आणि तेव्हाच पक्षीही असतात. बाजार समितीत शाळू नेला की भाव दुसरा ठरवतो. तोच शाळू हुरडा म्हणून बांधावर विकला, तर भाव आपण सांगतो. मात्र भ्रमात राहू नये. यातून दुष्काळ फिटणार नाही. सगळ्या गावाला पुरतील इतके पाहुणे येत नाहीत, आणि जिथे टँकर लागतो तिथे पाहुण्याच्या आंघोळीला पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न राहतोच. चार कुटुंबांचे दोन-तीन महिने यातून निघतील. तेवढे निघाले तरी तो आपला पैसा आहे, कोणाचे अनुदान नाही.

कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या भावांनी हा फक्त इंदापूरचा विषय समजू नये. पैठणच्या नाथसागरावरही पक्षी उतरतात, तिथेही पाणी उतरते, तिथेही मोटारी पुढे सरकतात.

काय मागायचे, काय करायचे

पहिली गोष्ट, धरणातून पाणी कधी सोडणार आणि महिन्याअखेर पातळी कुठवर उतरणार, याचा अंदाज हंगामाआधी गावच्या चावडीवर लागला पाहिजे. मोटारवाल्याला, होडीवाल्याला आणि मच्छिमाराला तो एकच कागद उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट, पाणी हटल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ज्यांची मूळची होती, त्या धरणग्रस्तांना आधी मिळाली पाहिजे. पैसेवाल्याच्या तंबूंना नव्हे.

तिसरी, चैत्र लागल्यापासून पाऊस स्थिर होईपर्यंत दुपारनंतर होडी सोडायची नाही. माणसे मोजून घ्यायची आणि प्रत्येकाच्या अंगात जाकीट हवे. हे सरकारकडे मागायचे नाही, आपणच पाळायचे. सरकारकडे मागायचा तो शिरसोडी-कुगावचा पूल, कारण गरजेच्या होडीला दुपारनंतर थांब म्हणून सांगता येत नाही.

आणि चौथी, काठावरच्या गावांनी पाहुण्याच्या ताटातली ज्वारी, डाळ आणि तेल शेजारच्या कोरडवाहू गावातून घ्यावे, ठरलेल्या भावाने आणि रोख पैशाने. त्यासाठी दोन्ही गावांच्या माणसांनी दिवाळीआधी एकदा समोरासमोर बसावे. ती तारीख आज इथून उठण्यापूर्वी ठरवू.