स्थापत्य अभियंत्याची परीक्षा : अभ्यास आणि अधिकार

(सावेडी, अहिल्यानगर येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आज माझ्यासमोर बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका अथवा पदवी मिळविली आहे. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा किंवा जिल्हा परिषद यांच्या भरतीची परीक्षा त्यांना द्यावयाची आहे. त्यांच्यामागे त्यांचे आईवडील बसले आहेत. ही परीक्षा केव्हा संपते आणि तोवर घर कसे चालवावे, हा त्यांचा प्रश्न आहे. मी अभियंता नाही, वकील आहे. तुळईवरचा भार कसा मोजावा हे मी शिकविणार नाही. परंतु परीक्षार्थीचे कष्ट कोठे वाया जातात हे वकिलाला दिसते. उत्तर न आल्यामुळे जागा जाते, तशीच ती योग्य कागद वेळेवर हाती नसल्यामुळेही जाते. दुसरे दुःख अधिक जाळते, कारण ते टाळता येण्यासारखे असते.

या जिल्ह्यात अभियंत्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1910 साली सुरू होऊन 1926 साली पुरे झाले. आपल्या नगर शहराला पाणी मिळते ते राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून. अशा कामांवर दगड वाहणारे हात नेहमीच गोरगरिबांचे होते. नकाशा मात्र दुसऱ्यांच्या हातांत असे. तो नकाशा आता तुमच्या हाती यावयाचा आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1945 साली, जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हे त्याचेच पुढचे रूप होय, आणि त्यातील अभियंते संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून निवडले जातात. तेव्हा ही परीक्षा आपल्याला परकी नाही.

आता तयारीविषयी. तयारी पुस्तकापासून सुरू होत नाही. ती जाहिरातीपासून सुरू होते. जाहिरात आणि सेवाप्रवेशाचे नियम हाच त्या परीक्षेचा कायदा होय. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर, नियमांत अथवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, निवडीच्या अटी मध्येच बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेजप्रकाश पाठक प्रकरणात 7 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले आहे. हे बंधन सरकारवर आहे, तसेच ते तुमच्यावरही आहे. जाहिरातीत पदविका मागितली असेल तर पदवीधराने 'माझी विद्या मोठी, मी पात्रच आहे' असे गृहीत धरू नये. 2010 साली केरळमधील एका प्रकरणात उच्च पदवीधारकांच्या बाजूने निकाल लागला. परंतु 2018 साली जहूर अहमद राथर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की नियमात तशी तरतूद नसेल तर वरची पात्रता खालच्या पात्रतेच्या जागी आपोआप चालत नाही. म्हणून पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचा आणि शंका अर्ज भरण्यापूर्वी विचारा. दिनांकाचेही तसेच आहे. जाहिरातीत अन्यथा म्हटले नसेल तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी पात्रता हाती असली पाहिजे. निकाल लवकरच लागणार आहे, ही सबब चालत नाही.

अभ्यासक्रमही जाहिरातीप्रमाणे मोजून घ्यावा. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेचा पहिला पेपर 200 गुणांचा असतो. त्यात 100 गुण स्थापत्यशास्त्राला असतात आणि उरलेले 100 बुद्धिमापन व सामान्य ज्ञान यांना. म्हणजे जो केवळ अभियांत्रिकीचे ग्रंथ वाचतो तो निम्मा पेपर सोडून देतो. त्याच पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. चार चुका केल्या की एक बरोबर उत्तर गेले. म्हणून जे ठाऊक नाही ते सोडून देण्याचे धैर्य हाही अभ्यासाचाच भाग आहे. जेथे गुण वजा होत नाहीत तेथे मात्र एकही प्रश्न कोरा ठेवू नये. हा नियम प्रत्येक परीक्षेचा निराळा असतो, आणि तोही जाहिरातीतच किंवा तिच्या सूचनांत दिलेला असतो.

घोकंपट्टीवर विसंबू नका. एम 20 काँक्रीट हे नाव सर्वांना पाठ असते. पण 20 हा आकडा कशाचा? 150 मिलिमीटरच्या घनाची 28 दिवसांनंतरची दाबसहनशक्ती दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन धरलेली असते, आणि चाचण्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक निकाल त्याखाली जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. ज्याला हे कळले तो प्रश्न उलटा आला तरी गोंधळत नाही. असा एक एक आकडा 'हे का?' असे विचारून वाचा. मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा आणि आठवड्यातून एकदा फक्त तीच वाचा. भारतीय मानक 456 सारखे मूळ ग्रंथ उघडण्याची भीती सोडा. पाच मार्गदर्शक पुस्तके अर्धवट वाचण्यापेक्षा एक पुस्तक पुरे वाचलेले बरे.

आता कागदांविषयी. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या. केंद्राने मात्र 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश 1990 साली केला. ही यादी जातींची आहे. म्हणून केंद्रीय नोकरीसाठीच्या दाखल्यात आदेशातील मूळ जातीचे नाव असावे लागते. केवळ 'बौद्ध' एवढा शब्द पुरत नाही. राज्याचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, त्याची वैधता जिल्हा पडताळणी समिती तपासते, आणि 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जुने महसुली कागद हे सारे आजच शोधा. परीक्षेचा निकाल लागल्यावर तहसीलच्या वाऱ्या सुरू करणारा आपलीच जागा दुसऱ्याला देतो.

आणखी एक गोष्ट स्वाभिमानाची. राखीव प्रवर्गातील उमेदवाराने खुल्या गुणवत्तेइतके गुण मिळविले तर त्याची गणना खुल्या जागेवर होते. इंद्रा साहनी खटल्यात 1992 साली आणि सौरव यादव प्रकरणात 2020 साली न्यायालयाने हे सांगितले आहे. मात्र वयाची वा अन्य सवलत घेतली असल्यास त्या भरतीचे नियम काय म्हणतात ते पाहावे लागते. तेव्हा राखीव जागेपुरते गुण मिळाले की पुरे, असे ध्येय ठेवू नका. तुम्ही खुल्या जागेवर गेलात तर मागचा एक बांधव राखीव जागेवर येतो.

पालकांना माझी विनंती आहे. 'साहेबांची ओळख आहे, एवढे लाख द्या, नाव लावून देतो', असे म्हणणाऱ्यास उंबऱ्याच्या आत घेऊ नका. सरकारी नोकरी मिळवून देण्याबद्दल पैसे देण्याचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे बेकायदा व रद्दबातल आहे. कायद्याने हेच उदाहरण तेथे दिलेले आहे. असा पैसा बुडाला तर न्यायालयाचा दरवाजा सहजी उघडत नाही. 2024 साली मृद व जलसंधारण विभागाच्या 670 पदांची परीक्षा गैरप्रकारामुळे रद्द होऊन पुन्हा घ्यावी लागली. काहींच्या लोभाचा दंड हजारो प्रामाणिक मुलांनी भरला. त्याच वर्षी केंद्राने आणि आपल्या विधिमंडळानेही अशा गैरप्रकारांविरुद्ध कडक कायदे केले.

शेवटी काळाची मर्यादा. जागा थोड्या आणि उमेदवार फार. म्हणून किती वर्षे द्यावयाची हे घरात बसून आधी ठरवा, आणि त्या काळात बांधकामावर, ठेकेदाराकडे किंवा सल्लागाराकडे हातचे काम सोडू नका. ते काम ज्ञानही देते आणि भाकरीही. ठरलेली मुदत संपली आणि यश आले नाही, तर त्या मुलाला कोणी टाकून बोलू नये. पूल आणि घरे खासगी अभियंतेही बांधतात. आणि मुलगी शिकत असेल तर तिच्या वाट्याची दोन वर्षे भावाच्या नावावर लिहू नका. तिच्यासाठी राज्याच्या भरतीत समांतर आरक्षणाच्या जागा आहेत. त्या जागांसाठी तिला अर्ज करू द्या.

आज घरी गेल्यावर दोन कामे करा. एका वहीत जाहिरातीतील अटी उतरवून काढा, आणि एका फाईलमध्ये सर्व दाखले लावा. अभ्यासाचे टेबल त्यानंतर मांडा.

जयभीम.