शाळेभोवतीचं वर्तुळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू शिक्षिका आहेस, तेव्हा शाळेनं काय दिलं यावर बोल." शाळेनं पुष्कळ दिलं. त्यातल्या एकाच तासाबद्दल आज बोलते. तो तास वेळापत्रकात नव्हता.

११ मे १९९८. बुद्धपौर्णिमा होती. परीक्षा संपलेली, निकालाची वाट पाहत आपण गावभर हुंदडत होतो. संध्याकाळी पोखरणची बातमी आली. चौकात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत मीही होते. १३ तारखेला आणखी चाचण्या झाल्या आणि महिनाअखेरीस पाकिस्ताननंही चाचण्या केल्या.

जूनमध्ये गुणपत्रिका घ्यायला आलो, तेव्हा भूगोलाच्या बाईंनी आपल्यातल्या दहा-बारा जणांना वर्गात बसवलं. फळ्यावर गावाचा नकाशा काढला. मध्यभागी शाळा. मग फळ्यावरचा तो मोठा लाकडी कंपास घेऊन शाळेभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. म्हणाल्या, "६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात एवढ्या अंतरात जवळजवळ एकही इमारत धड उरली नाही. बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे पंधरा हजार टन टीएनटीच्या ताकदीचा. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आता सांगा, आपल्या वर्तुळात काय काय येतं?"

एस.टी. स्टँड आला, बाजारपेठ आली, सरकारी दवाखाना, नदीचा घाट, मारुतीचं देऊळ. एक जण ओरडला, "बाई, माझं घर बाहेर आहे!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पण तू आत्ता कुठे बसला आहेस?"

मला राग आला होता. मी उठून म्हणाले, "बाई, त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे नको का?" आणि बाईंचं उत्तर न ऐकता गुणपत्रिका घेऊन निघाले. दारातून एवढंच कानावर आलं, "प्रश्न चांगला आहे गं, पण वाचून ये."

वाचायला पुढे बरीच वर्षं लागली. वाचताना एक गोष्ट कळली आणि मी थबकले. भारत-पाकिस्तानच्या त्याच चाचण्यांची बातमी नागासाकीतही पोचली होती. तिथल्या नागरिकांनी त्याच वर्षी दोन शाळकरी मुलांना शांतिदूत म्हणून न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पाठवलं. त्यानंतरही मुलं शांतिदूत म्हणून जात राहिली. २००१ पासून तिथली मुलं अण्वस्त्रं नष्ट व्हावीत म्हणून सह्याही गोळा करतात. पहिलं उद्दिष्ट होतं दहा हजार सह्यांचं. मी हातात पेढे घेऊन चौकात होते, तेव्हा साधारण माझ्याच वयाची मुलं तीच बातमी ऐकून दुसऱ्या कामाला लागली होती.

आज मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर आमच्या शहराचं वर्तुळ काढते. मग मुलं धोरणाकडे वळतात. १९५४ मध्ये नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्त जगाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. दहाच वर्षांनी आपण चाचण्या केल्या, आणि २००३ च्या धोरणात 'प्रथम वापर नाही' हे वचनही दिलं. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूनं मत दिलं. अण्वस्त्रं असलेला एकही देश त्यात नव्हता, आपणही नव्हतो. एकाच देशाच्या या सगळ्या गोष्टी मुलं शेजारी-शेजारी मांडतात आणि भांडतात. वर्ग दर वर्षी दुभंगतो.

आपला एक वर्गमित्र सैन्यात होता. आज तो समोरच बसला आहे. आपल्या ग्रुपवर त्यानं मला एकदा सुनावलं होतं, "सीमेवर उभी राहा, मग बोल." मित्रा, तुझं म्हणणं मी वर्गात दरवर्षी सांगते, माझ्या मताच्या आधी सांगते. शेजारी शस्त्र घेऊन उभा असताना आपण ते खाली ठेवायचं कसं, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण ज्या शस्त्राच्या वर्तुळात सैनिक आणि शाळा असा भेदच उरत नाही, त्याच्या भरवशावर जग कायम सुरक्षित राहील, हेही मला पटत नाही. कुणीतरी आधी मागावं लागतं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या संघटनेची स्थापना १९५६ ची. ती माणसं मागत राहिली. त्यांना शांततेचं नोबेल मिळालं २०२४ मध्ये. तोवर त्यांतले बरेचसे हयात नव्हते.

बाई, तुम्ही आज इथे आहात. त्या दिवशी मी तुमचं उत्तर न ऐकता निघून गेले, त्याबद्दल माफी मागायची राहिली होती. ती आज मागते. तुम्ही आम्हाला काय वाटायला हवं ते सांगितलं नाहीत. फक्त वर्तुळ काढलंत आणि आत काय येतं ते आमच्याकडूनच म्हणवून घेतलंत. मीही तेवढंच करते. मागच्या वर्षी एक मुलगी माझ्यावर चिडून, तास अर्धा टाकून निघून गेली. मी तिला म्हटलं, "प्रश्न चांगला आहे गं, पण वाचून ये."

ती अजून आलेली नाही. मी वाट पाहते आहे. तुम्हीही पाहिली असेल.