जॉर्ज बुश : राष्ट्राध्यक्षपद वगळून

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तुला आवडलेलं एक आयुष्य' या विषयावर दहा मिनिटं बोल, असा संयोजकांचा निरोप आला. मी ह्यूस्टनमध्ये राहते, म्हणून तिथल्याच एका माणसाबद्दल बोलते. नाव ऐकून काही जण हसतील. जॉर्ज बुश. मुलगा नव्हे, वडील. त्यांच्या राजकारणावर माझी मतं बरी नाहीत आणि आज तो विषयही नाही. ती चार वर्षं वगळली तरी चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्यातली नव्वद उरतात.

जन्म १२ जून १९२४ चा. घर सधन. अठराव्या वाढदिवशीच ते नौदलात भरती झाले आणि विमान चालवायला शिकले. २ सप्टेंबर १९४४ ला जपानच्या चिचिजिमा बेटावर हल्ला करताना त्यांच्या विमानाला गोळा लागला. विमान पेटलं असतानाही त्यांनी बॉम्ब टाकले, मग समुद्राकडे वळून उडी घेतली. विमानात तिघे होते. जॉन डिलेनी आणि विल्यम व्हाइट हे दोघे गेले. हे वीस वर्षांचे वैमानिक रबरी होडीत हातांनी वल्हवत राहिले, आणि काही तासांनी फिनबॅक नावाच्या पाणबुडीने त्यांना उचललं. त्या बेटावर पकडले गेलेले इतर अमेरिकन वैमानिक मारले गेले.

मीच का वाचलो, हा प्रश्न त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. मुलाखतीत त्या दोघांचा विषय निघाला की डोळे भरून येत. २००२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा त्या बेटावर जाऊन आले. आत्ता सुरुवातीला आपल्या वर्गातल्या दोघांसाठी आपण उभे राहिलो, तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. आपण पंचेचाळिशीत आहोत, ते दोघे नाहीत, आणि याचं कारण कुणालाच देता येत नाही.

युद्धानंतर येल विद्यापीठाची पदवी घेऊन १९४८ मध्ये हे गृहस्थ टेक्ससमधल्या ओडेसाला गेले. काम काय, तर तेलविहिरींची यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात झाडलोट करणं, पंपांना रंग देणं. पुढे भागीदारांबरोबर झपाटा ही स्वतःची कंपनी. इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. लटूर्नो नावाच्या गृहस्थांनी समुद्रात पाय रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून धरणारा तराफा कल्पिला होता. तीन जाळीदार पाय, विजेच्या मोटरी, दातेरी पट्टी आणि चक्र. मोठ्या कंपन्या बिचकत होत्या. बुश यांच्या कंपनीने तो घेतला. १९५६ चा तो 'स्कॉर्पियन'. पाय टेकवून उभं राहण्याची हीच रीत 'सागर सम्राट'ची, ज्याने १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल शोधलं. आपल्या वर्गातल्या ज्यांचे बाबा चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असायचे, त्यांना मी काय वेगळं सांगणार! १९६५ च्या बेट्सी वादळात झपाटाचा 'मॅव्हरिक' असाच उभा असलेला तराफा नाहीसा झाला. बुश विमानातून शोधत फिरले. मागमूस नाही.

पण या सगळ्याआधी १९५३ साल आलं. मुलगी रॉबिनला ल्युकेमिया झाला. वय तीन. आई बार्बरा तिला घेऊन न्यू यॉर्कच्या रुग्णालयात, वडील धंदा सांभाळत जा-ये करणारे. मिडलंडच्या ज्या चर्चमध्ये ते रविवारी मुलांना शिकवत, तिथे ते आता रोज भल्या पहाटे, कामावर जाण्याआधी, जाऊन बसू लागले. सुरुवातीला तिथे फक्त झाडलोट करणारा माणूस असे. पुढे पाद्रीही येऊन शेजारी बसू लागले. फारसं बोलणं होत नसे. ऑक्टोबरमध्ये रॉबिन गेली.

मी देवळात फारशी जात नाही. माझी आई जाते, रोज. प्रार्थनेचं फळ मिळालं नाही तरी माणूस तिथे का जात राहतो, हे मला तिला विचारायचं धाडस कधी झालं नाही. बुश जात राहिले. ह्यूस्टनच्या सेंट मार्टिन्स चर्चमध्ये पन्नासहून अधिक वर्षं. नव्वदाव्या वाढदिवशी, पाय चालत नसताना, त्यांनी हेलिकॉप्टरमधून उडी मारली, तीही मेन राज्यातल्या त्यांच्या उन्हाळी घराजवळच्या चर्चच्या हिरवळीवर. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, त्यांच्या सुरक्षारक्षकांपैकी एकाच्या दोन वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया झाला. उपचारात त्याचे केस गेले, तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या या आजोबांनीही डोकं भादरून घेतलं आणि त्या पोराला मांडीवर घेऊन फोटो काढला.

३० नोव्हेंबर २०१८ ला ते गेले. ह्यूस्टनमधल्या त्याच चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि पार्थिव रेल्वेने कॉलेज स्टेशनला नेलं. रुळांच्या कडेने गावोगावची माणसं उभी होती. तिथे बार्बरा आधीच होत्या, आणि रॉबिनलाही त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी तिथे आणून ठेवलं होतं. तिच्याच शेजारी त्यांना पुरलं.