मस्कतची अकरा वर्षे आणि माझा कॅमेरा

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही परदेशात राहून आलात, फोटो काढलेत, त्याबद्दल चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, परदेशात राहिले म्हणजे तिथेही भात-आमटीच केली ना!" पण त्यांनी ऐकले नाही. तेव्हा कागदावर लिहून आणले आहे, ते वाचते. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

आमचे हे मस्कतला एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीच्या कामावर होते. २००३ साली मी मुलाला घेऊन तिथे गेले आणि २०१४ ला आम्ही परत चिपळूणला आलो. अकरा वर्षे एका खोलीत संसार केला. मस्कत म्हणजे ओमान देशाची राजधानी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. पण डोंगर कसले, गवताची काडी नाही, जळलेल्या भाकरीसारखे काळे-तांबडे. आपल्या सह्याद्रीकडे बघत वाढलेल्या बाईला पहिले सहा महिने रडू यायचे.

कॅमेरा माझ्याकडे आला तो योगायोगाने. शेजारी फिलिपाईन्सची एक नर्स राहत होती. ती देश सोडून निघाली तेव्हा तिने सामान विकले. पाच रियालला मी तिचा रोलचा कॅमेरा घेतला. त्या वेळी एका रियालचे साधारण एकशेपंधरा रुपये होत. हे म्हणाले, "पाच रियालचा कॅमेरा, आणि रोल धुवायला दर महिन्याला दोन रियाल. हे हत्ती पोसण्याचे काम आहे." खरेच होते ते. म्हणून मी एक रोल तीन-तीन महिने पुरवायची. छत्तीस फोटो म्हणजे छत्तीस, मोजून. ही काटकसर मला पुढे कशी भोवली, ते सांगणारच आहे.

शिकवायला कोणी नव्हते. रुवीच्या स्टुडिओतला मुलगा रोल घेताना एखादा शब्द सांगे, तेवढेच. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा येत. त्याने सांगितले, चारच्या पुढे काढा. मे महिन्यात एसीच्या खोलीतून बाहेर पडले की भिंगावर दव धरे. मी पदराने पुसे. त्यावर तो ओरडला, "आंटी, पुसू नका, चरे पडतात. दहा मिनिटे थांबा, आपोआप जाईल." रोल गरम जागी ठेवला तर रंग बिघडतात, म्हणून माझे रोल फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी असत. पाहुण्यांना ते औषध वाटे.

पहिले फोटो मत्रहच्या मासळी बाजारात काढले. आपल्याकडची सुरमई तिथे कनाद. बाजाराला लागून समुद्राच्या कडेने लांबच लांब रस्ता आहे, आणि मागे जुना बाजार. तिथे उदाचा धूर सारखा चालू. त्याला ते लुबान म्हणतात. सलालाकडच्या झाडांच्या सालीवर घाव घालतात, चीक बाहेर येतो, तो वाळला की त्याचे खडे होतात. जितका खडा स्वच्छ आणि हिरवट, तितका भाव जास्त. जुन्या मस्कतच्या राजवाड्याच्या दोन्ही अंगांना मिरानी आणि जलाली असे दोन किल्ले आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेले. आपल्या वसई-गोव्याकडचे तेच पोर्तुगीज. मी मुलाला सांगितले, "बघ, हे लोक इथेही येऊन गेले." त्यांना १६५० साली अरबांनी हाकलले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

यांच्या ओळखीची बरीच मजूर मुले होती. तेलंगणातली, केरळातली, काही आपल्या गुहागर-दापोलीकडची. कंपनीच्या छावणीत एकेका खोलीत आठ-आठ जण. दर शुक्रवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, त्यांतले चार-पाच जण आमच्याकडे जेवायला येत. माझ्याकडे कॅमेरा आहे हे कळल्यावर ते म्हणू लागले, "भाभी, घरी पाठवायला एक फोटो काढा." स्टुडिओतला नको, समुद्र दिसला पाहिजे, मस्कत दिसले पाहिजे. मग कोणी दुसऱ्याचे घड्याळ हातावर बांधी, कोणी उभ्या असलेल्या परक्या मोटारीला टेकून उभा राही. मला हसू येई, पण मी काढी. घरच्यांना आपला मुलगा सुखात दिसावा, एवढेच त्यांचे मागणे.

२००५ च्या सप्टेंबरात त्यांनी छावणीत खोलीपुरता गणपती बसवला होता. मी मोदक घेऊन गेले आणि सगळ्यांचे एकेकाचे फोटो काढले. त्यात तेलंगणातला एक गवंड्याचा मुलगा होता, वीस-बावीस वर्षांचा. तीन वर्षे घरी गेला नव्हता. त्याने खास नवा शर्ट घातला होता आणि मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्याच्या आईचा पत्ता, तेलुगूत. म्हणाला, "भाभी, फोटो तुम्हीच पोस्टात टाका, मला कामावरून यायला उशीर होतो."

त्या रोलमध्ये सात फोटो उरले होते. सात फोटो फुकट कसे घालवायचे? म्हणून मी रोल तसाच ठेवला. तो मुलगा दर शुक्रवारी विचारी, "भाभी, फोटो आला?" आणि मी म्हणे, "पुढच्या शुक्रवारी." असे दोन महिने गेले.

नोव्हेंबरात, ईद झाल्यावर, यांच्याबरोबर काम करणारा एक ओमानी ड्रायव्हर आम्हाला इब्राला घेऊन गेला. इब्रा मस्कतपासून मोटारीने दोन तासांवर. तिथे दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांना आत मज्जाव. यांनी रजा काढली होती, आणि हे दोघे पुरुष बाहेर चहाच्या दुकानात बसले. मुलगा त्यांच्यापाशी. ड्रायव्हरची बायको बलुची होती, तिला हिंदी चांगले येई. आम्ही दोघी आत गेलो.

भगिनींनो, तो बाजार बघून मला काय वाटले ते सांगता येत नाही. पोरीबाळींचे कपडे, अत्तर, मेंदी, भरतकामाचे पायजमे, सुगंधी उटणी, सगळे मांडून बायका बसलेल्या. घासाघीस, हसणे, ओरडणे. आपल्या शिमग्याआधीचा बाजार आठवा, फक्त पुरुष वगळून. एक म्हातारी मुखवट्यासारखा बुरखा विकत होती. हा बुरखा आपण समजतो तसा नव्हे. कडक कापडाचा, नाकावर उभी पट्टी, डोळ्यांना दोन भोके. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही तोच, आणि हात कोपरापर्यंत मेंदीने काळे झालेले. मला तिचा फोटो हवाच झाला. विचारले तर नाही म्हणेल, हे मला ठाऊक होते. म्हणून मी कॅमेरा पोटाशी धरला आणि दुसरीकडे बघत बटण दाबले.

त्या कॅमेऱ्याला रोल पुढे सरकताना घर्र आवाज होई. म्हातारीने मान वर केली. ती ओरडली नाही. उठली, आणि माझे मनगट धरले. बलुची बाईने मला अर्थ सांगितला: "ती विचारते, तू कुणाला विचारून हे केलेस? माझा चेहरा आता कुठल्या देशात, कुणाच्या भिंतीवर लागणार?"

मी म्हटले, मी हा फोटो छापून घेणार नाही. म्हातारी म्हणाली, मी तुला ओळखत नाही. बरोबर होते तिचे. माझ्या घरात कोणी परक्याने असे केले असते तर मी काय केले असते? भोवती बायका जमल्या होत्या. आजच्यासारखा एक फोटो पुसून टाकण्याची सोय रोलमध्ये नव्हती. द्यायचा तर सगळा. मी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले आणि रोल ओढून उन्हात मोकळा केला. एकोणतीस मुलांचे आणि गणपतीचे फोटो, आणि हा एक.

बलुची बाईने तिला सांगितले असावे की यात मजुरांच्या आयांना पाठवायचे फोटो होते. म्हातारी बराच वेळ त्या लोंबत्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिने मला खाली बसवले, थर्मासमधून वेलचीचा कहवा ओतला आणि पुढ्यात खजूर ठेवला. तिथे पुरे झाले की पेला हलवून परत द्यायचा असतो. मला ते सुचेना, ती ओतत राहिली आणि मी पीत राहिले. बोललो काहीच नाही. येताना मी तिच्याकडून मेंदीची पुडी घेतली, तिचे तिने पैसे घेतले.

परतल्यावर शुक्रवारी मुले आली. मी खरे ते सांगितले. कोणी काही बोलले नाही, पुन्हा काढू म्हणाले, आणि पुन्हा काढलेही. पण तो तेलंगणातला मुलगा त्यांत नव्हता. त्याच आठवड्यात त्याला सोहारच्या कामावर पाठवले होते. सोहार दोनशे किलोमीटर लांब. यांनी दोनदा निरोप पाठवला. पुढे कळले की तो तिथूनही दुसरीकडे गेला. कुठे, ते कोणाला सांगता येईना.

त्यानंतर मी विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो काढला नाही. "मुमकिन सूरा?" एवढे अरबी शिकून घेतले. म्हणजे, फोटो काढू का? पुरुष बहुधा हो म्हणत, छाती काढून उभे राहत. बायका बहुधा नाही म्हणत. म्हणून माझ्या फोटोंत बायका कमी आणि बायकांचे हात फार आहेत. मेंदीचे हात, कहवा ओतणारे हात, पीठ मळणारे हात. त्याला त्यांची हरकत नसे.

निजवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार असतो. मालक बकरी घेऊन गोल फेऱ्या मारतात, गिऱ्हाईक मध्ये आणि कडेला उभे. तिथला एक बकरा माझ्या पदराचे टोक खाऊन गेला, त्याचा फोटो आहे.

मस्कतची मोठी मशीद २००१ साली उघडली. सकाळच्या वेळी आपल्यासारख्यांनाही आत जाता येते, डोके आणि हात झाकून. तिथला गालिचा सत्तर मीटर लांब, साठ मीटर रुंद, एकवीस टन वजनाचा. इराणातल्या सहाशे बायका त्यावर बसल्या आणि चार वर्षे लागली. तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा होता, पुढे २००७ मध्ये अबूधाबीच्या मशिदीत त्याहून मोठा अंथरला गेला. बरोबरचे लोक वरच्या झुंबराचे फोटो काढत होते. मी खाली वाकून एका कोपऱ्यातल्या गाठींचा काढला. सहाशेंपैकी कोणीतरी एकीने त्या मारल्या असतील. हे म्हणाले, "एवढ्या लांब येऊन सतरंजीचा फोटो!"

२००७ च्या जूनमध्ये गोनू नावाचे वादळ आले. वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांना नद्यांसारखा पूर आला, माणसे गेली, मोटारी वाहून गेल्या. तिथे समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात. ते कारखानेच बंद पडले, आणि चारी बाजूंना पाणी असून प्यायला नाही, अशी अवस्था झाली. त्या दिवसांत मी फोटो काढला नाही. बादल्या भरायच्या होत्या.

आणि सलाला! २००८ च्या जुलैत बसने गेलो. हजार किलोमीटर, बारा तास, नुसती सपाट वाळू. मुलगा कंटाळून झोपला. शेवटी घाट उतरू लागलो आणि एकाएकी धुके, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर. ओमानात पावसाळा लागणारा तेवढाच तुकडा, आपलाच मान्सूनचा वारा तिथे टेकतो. रस्त्याच्या कडेला नारळ, केळी, पपया विकायला. मी बसमधून उतरले, शहाळे हातात घेतले आणि चार परक्या माणसांसमोर रडले. तो फोटो यांनी काढला. मला न विचारता. मी रागावले नाही, पण इब्राची म्हातारी आठवली.

२००९ मध्ये नवा कॅमेरा घेतला, रोलची कटकट गेली. पण त्यातले बरेचसे फोटो संगणकाबरोबर बिघडून गेले. आणि रोलच्या फोटोंचे अल्बम आपल्या २०२१ च्या जुलैमधल्या पुराने नेले. खालच्या खोलीत छातीभर पाणी होते, तुम्हाला वेगळे सांगायला नको, तुमच्याही घरात होते. पाने एकमेकांना चिकटून लगदा झाला. माळ्यावरच्या डब्यात निगेटिव्ह होत्या, त्यांवरून साठेक फोटो पुन्हा करून घेतले. गेल्या वर्षी गुहागरची एक बाई घर शोधत आली. तिच्या नवऱ्याचा मी काढलेला फोटो तिच्याजवळ होता, मोटारीला टेकलेला. तो आता नाही. तिला त्याची आणखी एक प्रत हवी होती, धाकट्या मुलीसाठी. निगेटिव्ह सापडली. करून दिली.

त्याच डब्यात ती तेलुगू चिठ्ठीही आहे. मध्यंतरी बाजारपेठेत एक तेलुगू बोलणारा कामगार भेटला, त्याच्याकडून वाचून घेतली. गावाचे नाव आहे, आईचे नाव आहे. पत्र लिहावे असे चार वेळा मनात आले. पण पत्रात काय लिहू, आणि सोबत काय घालू?

असो. बराच वेळ घेतला. ते साठ फोटो मागच्या टेबलावर मांडून ठेवले आहेत. अवश्य बघा. मात्र तिळगुळाचे हात पुसून घ्या, आणि वाण घेण्याच्या गडबडीत टेबलाला धक्का लागू देऊ नका.