पाठीवरचें ओझें

पावसाळा ओसरला आणि सह्याद्रीच्या वाटा कोरड्या पडूं लागल्या, कीं पुण्यामुंबईच्या अनेक घरांतून एक संभाषण हटकून ऐकूं येतें. घरांतील मुलगा किंवा मुलगी आठ-दहा मित्रमंडळींबरोबर दूरच्या पायी प्रवासास निघालेली असते, आणि चर्चा चाललेली असते ती सॅकची. सॅक म्हणजे पाठीवर बांधावयाची मोठी पिशवी. ती किती लिटरची घ्यावी, कोणत्या कापडाची घ्यावी, तिला कप्पे किती असावेत, या प्रश्नांचा खल चार-चार दिवस चालतो. परंतु जिच्यावर ती सॅक चढावयाची त्या पाठीची तयारी झाली आहे कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मींही एके काळीं विचारला नव्हता. त्याचें प्रायश्चित्त मात्र मला न मिळतां दुसऱ्यास मिळालें. म्हणूनच आज या विषयावर आपणांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आलें.

राजगड, तोरणा आणि रायगड हे तीन किल्ले एका दमांत चालून जाण्याचा प्रघात आमच्याकडील डोंगरभटक्यांत फार आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेनें तोरण्याच्या बुधला माचीवर चढावयाचें, तोरण्यावरून पश्चिमेस उतरून मोहरीच्या पठारावर यावयाचें, आणि तेथून एखाद्या नाळेनें, म्हणजे कड्यांतील अरुंद घळीनें, कोंकणांत उतरून रायगडाची वाट धरावयाची. आम्ही सात जण होतों. माझें वजन ६० किलो आणि माझ्या सॅकचें १८. मी रोज सकाळीं पर्वती चढून येत असें. त्यामुळें आपली तयारी उत्तम आहे याविषयीं मला तिळमात्र शंका नव्हती. पण पर्वती मी मोकळ्या हातांनीं चढत होतों, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं.

पहिला दिवस उत्साहांत गेला. दुसऱ्या दिवशीं खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले. तिसऱ्या दिवशीं आम्ही नाळेंत उतरूं लागलों आणि तासाभरांत माझ्या मांड्या थरथरूं लागल्या. पाऊल खालच्या दगडावर ठेवावें, तों गुडघा आपोआप दुमडावा, अशी अवस्था झाली. मध्येंच मी बसलों तो उठवेना. तेव्हां सोबत्यांनीं एक शब्दही न बोलतां माझी सॅक उघडली आणि तींतील सामान आपसांत वांटून घेतलें. आमच्यांत एक वडीलधारे गृहस्थ होते; वय पंचावन्नाच्या पुढें. त्यांनीं तांदूळ आणि भांडीं मिळून माझें तीन किलो ओझें आपल्या सॅकमध्यें घातलें. पुढें अर्ध्या तासानें एका सुट्या दगडावर त्यांचा तोल गेला आणि घोटा मुरगळला. त्यांचा रायगड राहिला. पायथ्याच्या गांवापासून एस. टी. नें ते घरीं परतले. त्यांनीं मला कांहींच बोल लाविला नाहीं. पण तो घोटा माझ्या ओझ्यानें मुरगळला होता, हें आम्हां दोघांसही ठाऊक होतें.

महिन्याभरानें मी त्यांना भेटावयास गेलों. ते म्हणाले, "अरे, सॅक बाजारांत मिळते, पाठ मिळत नाहीं. माझा पाय बरा झाला कीं रविवारीं सिंहगडाच्या पायथ्याशीं येत जा. येतांना सहा बाटल्या पाणी आण." पुढें त्यांच्याबरोबर जें शिकलों, आणि त्याचीं कारणें शोधतांना जें वाचनांत आलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

ओझ्यासह चालणें ही स्वतंत्र विद्या आहे, ही कल्पना नवी नाहीं. रोमन सैन्याविषयीं लिहिणारा वेजेशियस सांगतो कीं, नव्या शिपायांना ६० रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें २० किलो, ओझें घेऊन चालण्याचा सराव वारंवार द्यावा. कारण मोहिमेवर त्यांना शिधा आणि शस्त्रें दोन्हीं वाहावीं लागतात. सराव न देतां चालविल्यास काय होतें, तेंही सैन्यांतच दिसून आलें. १८५५ सालीं ब्राइटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी वैद्यानें लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखूं लागतात, या विकाराचें वर्णन केलें. पुढें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलें कीं, त्या पायांतील बारीक हाडांना तडे गेलेले असतात. पडल्यावांचून, मार लागल्यावांचून, केवळ पावलामागून पाऊल टाकल्यानें हाड तडकतें!

असें कां व्हावें? याचें उत्तर असें कीं, शरीराचे सर्व भाग एकाच गतीनें तयार होत नाहींत. सराव सुरू केल्यापासून थोड्याच आठवड्यांत धाप लागणें कमी होतें. स्नायूंना बळ येण्यास त्याहून अधिक काळ लागतो. आणि हाडें व स्नायूंना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा तर सर्वांत मंद. त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांतच माणसास वाटूं लागतें कीं, आतां आपण वाटेल तें उचलूं. छाती म्हणते "चल". हाडें अद्याप तयार नसतात. बहुतेक दुखापतींचा उगम या अवसानांत आहे.

दुसरी गोष्ट उतरणीची. चढतांना दम लागतो, म्हणून लोक चढणीस भितात. पण पायांची खरी परीक्षा उतरणीवर होते. उतरतांना मांडीचा पुढला स्नायू ताणला जात असतांनाच त्याला शरीराचा आणि सॅकचा भार आवरून धरावा लागतो. अशा कामानें स्नायूच्या तंतूंस बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पाय आंखडतात. मात्र निसर्गाची योजना अशी कीं, हीच इजा थोड्या प्रमाणांत एकदां सोसलेला स्नायू पुढल्या खेपेस पुष्कळच कमी दुखतो. यास्तव उतरणीची तयारी उतरूनच करावी लागते. सपाट रस्त्यावर कितीही चाललें तरी ती होत नाहीं.

आतां ओझें किती असावें? सामान्य माणसानें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत थांबावें, हें बरें. अमेरिकन लष्करी लेखक मार्शल यांनीं १९५० सालीं शिपायांच्या ओझ्यावर एक पुस्तक लिहिलें. युद्धांत शिपाई शत्रूपेक्षां स्वतःच्या ओझ्यानेंच कसे हतबल होतात हें दाखवून, वजनाच्या एकतृतीयांशापलीकडे कोणावर भार घालूं नये, असा त्यांनीं आग्रह धरला. माझे १८ किलो या तरुण शिपायांच्या मर्यादेच्याच जवळ होते.

यावर कोणी म्हणेल, नेपाळचे भारवाहक तर स्वतःच्या वजनाइतकें ओझें वाहतात. तें खरें आहे. नामचे बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची वजनें घेऊन केलेली पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. पुरुष सरासरीनें आपल्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रिया ६६ टक्के ओझें नेत असल्याचें तींत आढळलें. पण हे लोक लहानपणापासून डोक्यावरून घेतलेल्या पट्ट्यानें भार वाहत आलेले असतात. शिवाय ते चालतात फार सावकाश आणि विसांवा घेतात वारंवार. त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा भाराच्या आंकड्याचा नसून संथ चालीचा आहे.

आमच्या सरावाचा क्रम असा होता. पहिले दोन आठवडे वजनाच्या दशांशाइतकें, म्हणजे माझ्या बाबतींत ६ किलो. आठवड्यांतून दोन दिवस, एक दिवस आड ठेवून, घरच्या चार मजल्यांच्या जिन्यावर अर्धा तास चढउतार. रविवारीं सिंहगड, आतकरवाडीपासून माथ्यापर्यंत सुमारें ६०० मीटर उंचीची चढण. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्यास एक किलो वाढवावयाचा. परंतु दर चौथ्या आठवड्यास ओझें निम्म्यावर आणावयाचें. कारण झालेली झीज भरून निघावयाची ती विश्रांतींतच. अशा हिशेबानें तेराव्या आठवड्यास १४ किलो होतात. त्या आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ गड करावयाचा, कारण खऱ्या प्रवासांत दुसऱ्या दिवशीं थकलेल्या पायांनींच चालावें लागतें. चौदावा आठवडा हलका ठेवून निघावयाचें. श्रावणाच्या मध्यावर आरंभ केला तर कार्तिक संपतां संपतां माणूस तयार होतो. पावसानें गडाची वाट निसरडी असेल त्या रविवारीं जिनाच बरा.

ओझें म्हणून पाणी न्यावें, ही त्या गृहस्थांची युक्ति फार सोयीची आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तराजू नको. पहिला महिनाभर तें पाणी माथ्यावर झाडांच्या मुळांशीं ओतून रिकामे उतरावें, म्हणजे गुडघ्यांवर एकदम ताण येत नाहीं. दुसऱ्या महिन्यापासून निम्में पाणी राखून उतरावें, आणि तिसऱ्या महिन्यांत सर्व खालीं आणावें. आणखी एक नियम: ओझें, अंतर आणि चढण या तिहींपैकीं एका आठवड्यांत एकच वाढवावें. मांड्या-पोटऱ्यांतील दोन्हीं पायांत सारखें असणारें दुखणें दोन दिवसांत जातें. त्याची चिंता नको. पण सांध्यांत किंवा हाडावर एकाच जागीं बोट ठेवून दाखवितां येईल असें दुखणें असेल, तर ओझें उतरवून ठेवावें आणि वैद्याकडे जावें. चाळिशी उलटलेल्यांनीं, तसेंच हृदयाचा अगर रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनीं, आरंभापूर्वींच वैद्याचा सल्ला घ्यावा.

सराव करतांना सॅकशींही ओळख होते. खांद्यांवरचे पट्टे भार वाहण्यासाठीं आहेत असा माझा समज होता. माझे लाल वळ त्या समजाचे होते. खरा भार कमरेच्या हाडांवर यावयास हवा. १९५२ सालीं डिक केल्टी या अमेरिकन गृहस्थानें अल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनविण्यास आरंभ केला, आणि कमरेच्या पट्ट्याच्या योगानें भार खांद्यांवरून कमरेवर आणण्याची रीति त्याच्यामुळें रूढ झाली. म्हणून प्रथम कमरेचा पट्टा घट्ट आंवळावा, मग खांद्याचे पट्टे तोल सांभाळण्यापुरते ओढावे. जड वस्तु पाठीला चिकटून, खवाट्यांच्या पातळीवर ठेवाव्या. त्या पाठीपासून दूर गेल्या कीं सॅक मागें ओढते आणि माणूस पुढें वाकतो. पायांतील जोडा जड नसावा. पायांवरचा एक किलो पाठीवरच्या चार-पांच किलोंइतका थकवितो, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

पण सरावाचा सर्वांत मोठा लाभ मला वेगळाच वाटतो. वाटेंत जी प्रत्येक वस्तु लागेलशी वाटते, ती दर रविवारीं सिंहगडावर चढवून पाहावी. तिसऱ्या रविवारीं आपण होऊन तिला घरीं ठेवतों. माझ्या पहिल्या प्रवासांत दोन जाड पुस्तकें, तिसरा पोशाख आणि लोणच्याची कांचेची बरणी होती. १८ चे १४ किलो झाले ते असे.

दुसऱ्या वर्षीं मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां त्याच वाटेनें गेलों. ते गृहस्थ आमच्याबरोबर होते. नाळेच्या तोंडाशीं आम्ही पाणी प्यावयास बसलों, तेव्हां मीं त्यांच्या सॅकवरचा दोर आणि तांदुळाची पिशवी काढून माझ्या सॅकमध्यें ठेवली. त्यांनीं पाहिलें, पण हरकत घेतली नाहीं. पायथ्याच्या गांवीं पोहोंचेपर्यंत माझे गुडघे दुखत होते. मात्र एकदांही दुमडले नाहींत. त्या वर्षीं त्यांनीं रायगड पाहिला.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांतून कोणी दूरच्या वाटेस निघणार असेल, तर सॅक जरूर घेऊन द्या. पण निघण्याच्या आधीं साडेतीन महिने घेऊन द्या, आणि पहिल्याच रविवारीं तींत सहा बाटल्या पाणी भरा. जो आपलें ओझें वाहूं शकत नाहीं, त्याचें ओझें वाटेवर कोणाला तरी वाहावें लागतें. ती वेळ सोबत्यावर येऊं नये, एवढ्यासाठींच ही सारी खटपट आहे.